ओला दिसतो तसा

मे महिन्यात गंगा आटली की
वाळूतून गोटे वर येतात.
ओंजळीतल्या पाण्यात धरा, एकेक राजा:
मधाचा रंग, काविळीचा रंग,
एकात तर गाभ्यापर्यंत उतरत गेलेल्या पांढऱ्या रेघा.
खिशात घालून गंगाखेडला आणा, ओसरीवर मांडा,
वाळला की नुसता दगड.

सुरुवात म्हणाल तर एवढीच.
ओला दिसतो तसा तो कोरडाही दिसावा
असं वाटलं, साठीला टेकल्यावर.

बत्तीस वर्षं खांबावर काढली.
अर्ध्या तालुक्याच्या शिव्या खाल्ल्या.
एकदा पोळ्याच्या दिवशी तारेनं उजव्या हाताची तीन बोटं चाटली.
बोटं राहिली, जाण गेली.
गरम कळत नाही, गार कळत नाही,
खडबडीत काय नि गुळगुळीत काय.
आणि असल्या हाताला
छंद लागला घासण्याचा.

खाजामियाँ फरशीवाला म्हणाला,
"लाईनमन, पहिलं पाणी. कोरडा पत्थर कापायचा नाही.
तो धुरळा दिसतो ना, तो बारीक काचच समज.
मेरे अब्बा उसीच में गए."
त्यानं जुनं कटर दिलं, पैसे घेतले नाहीत,
दोनदा चहा प्याला आणि पाण्याची नळी
स्वतः बांधून गेला.

रंगाचा रिकामा डबा, आतून ट्रॅक्टरची ट्यूब चिकटवलेली,
धुण्याच्या मशीनची मोटर, भंगारातले दोन रूळ.
पहिल्या घाण्यात सगळंच टाकलं,
गारगोटी, चुनखडी, काळा फत्तर, एक विटेचा तुकडा.
नवव्या दिवशी उघडलं.
मऊ होते त्यांचा गाळ झाला,
कडक होते ते होते तसेच.
(माणसांबद्दल काही म्हणत नाही मी.
दगडांबद्दल सांगतोय.)
तो गाळ मोरीत ओतला आणि मोरी सिमेंटसारखी बसली.
दैवशाला, माझी सून, दोन दिवस बोलली नाही.
आता लिंबाखाली खड्डा आहे.

ऐंशी नंबरची भुकटी, मग दोनशेवीस, मग सहाशे.
एकेका नंबरला आठवडा.
मधे डबा धुवायचा, गोटे धुवायचे, नखंसुद्धा धुवायची;
ऐंशीचा एक कण सहाशेत गेला
की मुसळ केरात.

रात्रभर घर्रर घर्रर.
पहिल्या आठवड्यात कुणाला झोप नाही,
दुसऱ्यात कुणाच्या लक्षात नाही.
मग एकदा दीड वाजता लाईट गेली,
मोटर थांबली
आणि सगळं घर दचकून उठलं.
मी सबस्टेशनला फोन लावला.
कुणी उचलला नाही.
मीही उचलायचो नाही.

पांढऱ्या रेघांचा तो मात्र डब्यात टाकला नाही.
कापला. एक चकती फुटली, एक राहिली.
कासाराकडून लाख आणली, दिव्यावर मऊ केली,
काडीच्या टोकाला चकती चिकटवली
आणि चाकावर धरून बसलो, रोज संध्याकाळी, बातम्यांच्या वेळी.
झाली का, कसं कळणार?
माझी बोटं खोटी साक्ष देतात.
नात ईश्वरी, तिसरीतली, चकती धुऊन खालच्या ओठाला लावते,
डोळे मिटते.
"आबा, इथं खर्र लागतंय."
पुन्हा चाक.
"आता इथं."
पुन्हा.
अकरा दिवस तिच्या ओठानं मला कामाला लावलं.

शेवटी जुन्या पट्ट्याचं चामडं, वर पांढरी पूड, चार थेंब पाणी.
मग चकती धुऊन कुंपणाच्या भिंतीवर
दुपारच्या उन्हात ठेवली आणि आडवा झालो.

जाग आली तेव्हा दैवशाला भिंतीशी उभी,
कपड्यांची बादली खाली ठेवलेली.
तिनं चकती उचलली, पदरानं पुसली.
उलटी करून पुसली.
उन्हात धरून पाहिली, परत पुसली.
"मामा," म्हणाली,
"ह्यो कामून वाळंना?"